खिडकीतला दगड

एका शहरात वामनशेठ नावाचा भांड्यांचा व्यापारी राहत होता. तांब्या-पितळेचं त्याचं दुकान बाजारात नावाजलेलं होतं. मिशी भरघोस, आवाज खणखणीत. लोकांना वाटायचं, हा माणूस वाघालाही दम देईल. खरं सांगू? वामनशेठ पालीला भ्यायचा. अंधाराला भ्यायचा. मांजर आडवं गेलं की घरी काहीतरी विसरल्याचं सोंग करून मागे फिरायचा. हे फक्त त्याच्या बायकोला, शालनबाईंना ठाऊक होतं, आणि त्या कधी बोलल्या नाहीत.

त्याच्या घरासमोर एक मोकळी जागा होती. वर्षानुवर्षं तिथं आळीचा कचरा पडायचा. मधे एक जुना उंबर तेवढा तग धरून होता. शहर चारी बाजूंनी वाढलं, तशा चिमण्या दिसेनाशा झाल्या, बेडकांचा आवाज बंद झाला. मग आळीतल्या लोकांनी एकत्र येऊन ठरवलं, इथं बाग करायची. माणसांनी भेळ खात बसायची बाग नव्हे, जिवाजंतूंची बाग. कचरा उपसला. फुलपाखरांसाठी कढीलिंब आणि रुई लावली, पक्ष्यांना लपायला करवंदीच्या जाळ्या लावल्या, बेडकांसाठी एक लहानसं तळं खणलं. बागेला माळी नव्हता. घरोघरी पाळी लावलेली होती. ज्याची पाळी त्यानं पाणी घालायचं आणि काही हाकलायचं नाही, एवढाच नियम.

बागेचा अध्यक्ष अर्थात वामनशेठ. त्यानं आणखी एक नियम केला. प्रत्येक घराच्या कठड्यावर पाण्याचं परळ, म्हणजे मातीचं पसरट भांडं, ठेवायचं आणि त्यात एक दगड टाकायचा. का, तर मधमाशीला पाणी पिताना पाय टेकायला जागा हवी, नाहीतर ती बुडून मरते. "दगडाचा माथा पाण्याबाहेर हवा बरं का," असं तो बोट वर करून सगळ्यांना बजावायचा. त्याच्या स्वतःच्या गॅलरीत परळ होतं, पण दगड नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बागेतली स्वतःची पाळीही तो दुकानातल्या गड्याकडून उरकून घ्यायचा.

बाग बहरली आणि त्या हिवाळ्यात उंबराच्या ढोलीत घुबडांची जोडी राहायला आली. पिंपळाच्या पानाच्या आकाराचं पांढरं तोंड आणि त्यात दोन काळेभोर डोळे. आळीतले लोक हरखले. शिवणकाम करणाऱ्या गोदाक्का तर म्हणाल्या, बागेची कीर्ती पाखरांच्या दरबारात पोचली म्हणायची.

वामनशेठ मात्र धास्तावला. ढोली त्याच्या खिडकीच्या नेमकी समोर होती. दिवेलागणीला घुबड फांदीवर येऊन बसायचं, मान वळवायचं आणि थेट त्याच्या घरात बघायचं. मग चिरका आवाज काढायचं, आणि त्या आवाजानं वामनशेठच्या पोटात गोळा यायचा. घुबड ज्या घराकडे बघून ओरडतं त्या घरातलं माणूस जातं, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. एरवी त्यानं खिडकी लावून घेतली असती. पण त्याची एकुलती एक मुलगी वैजू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. घुबड कोणाकडे बघून ओरडणार, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. त्याच्या डोळ्यांपुढे पाळणा यायचा आणि तो रिकामा दिसायचा.

अध्यक्षानं घुबड हाकला म्हणायचं तर कोणत्या तोंडानं? त्यानं कोणालाच काही सांगितलं नाही. वैजू यायच्या आदल्या दिवशी, तिन्हीसांजेला, घुबड पुन्हा येऊन बसलं आणि घरात डोकावलं. खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिथं एक दगड ठेवलेला असे. नदीवरून आणलेला, काळा गुळगुळीत, मधोमध जानव्यासारखा पांढरा पट्टा. वामनशेठनं तो उचलला आणि डोळे मिटून फेकला. धप्प असा आवाज झाला. डोळे उघडले तर घुबड कलंडून फांद्यांमधून खाली जाताना दिसलं, आणि मग करवंदीच्या जाळीत काही दिसेना. कोणी पाहिलं नव्हतं. त्यानं खिडकी लावून घेतली.

खिडकीची कडी ढिली होती, दगड नाही म्हणून ती रात्रभर आपटत राहिली. सकाळी शालनबाईंनी विचारलं, इथला दगड कुठं गेला? वामनशेठ म्हणाला, मला काय ठाऊक.

वैजू आली. घर भरल्यासारखं झालं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ती रोज बागेत फेऱ्या घालायची, येताना चार फुलं आणायची, गॅलरीतल्या परळात पाणी भरायची. घुबडांपैकी एकही पुन्हा दिसलं नाही. वामनशेठनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि दाढी करायला दत्तोबा न्हाव्याकडे गेला.

दत्तोबाचा वस्तरा चालायचा त्याहून त्याची जीभ जास्त चालायची. बागेतलं घुबड दिसत नाही म्हणे, असा विषय निघाला. दत्तोबा म्हणाला, कोणी दगड मारला नसेल म्हणजे मिळवली. वामनशेठनं विचारलं, का रे, मारला तर काय होतं?

"शेठ, घुबडाला मारलेला दगड घुबड सोडत नाही," दत्तोबानं वस्तरा गळ्याशी आणत सांगितलं. "ते किंवा त्याचा जोडीदार, दगड उचलून नेतो आणि पाण्यात टाकतो. मग पाण्यात दगड जसा झिजतो, तसा मारणारा झिजतो. दगड संपला की माणूस संपला."

वामनशेठ असा दचकला की वस्तऱ्यानं कापलंच. तुरटीचा तुकडा गळ्याला दाबून तो तसाच उठला, सरळ बागेत गेला आणि उंबराखाली दगड शोधू लागला. एक पांढरं पीस सापडलं. थोडं वाळलेलं रक्त दिसलं, घुबडाला कुत्र्यांनी ओढून नेलं असावं. दगड नव्हता. तो गुडघ्यांवर बसला, रांगत फिरला, करवंदीच्या काट्यांनी हात ओरबाडून घेतले. ज्या जागी दगड पडायला हवा होता तिथं गवत दबलेलं होतं आणि दगड नाहीसा झाला होता. कोणीतरी तो उचलून नेला होता.

त्या दिवसापासून तो झिजू लागला. तसं पाहिलं तर अन्न गोड लागेना, झोप येईना, मग माणूस झिजेल नाही तर काय होईल? पण भ्यालेल्याला कोण समजावणार, आणि त्यानं कोणाला सांगितलं तर ना. बोटातली अंगठी सैल झाली, मग हात धुताना गळून पडली. तो तिच्याकडे बघत राहिला. डॉक्टर म्हणाले, काही आजार नाही. हे ऐकून तो आणखी घाबरला, कारण आजार नाही म्हणजे तेच. दुकानात पितळी घंगाळात पाणी दिसलं तरी तो तोंड फिरवायचा. नळ ठिबकला की त्याला वाटायचं, आत्ता एक कण गेला.

दगड पाण्यात आहे. पाणी कुठलं? बागेतलं तळं. तळ्यात उतरायची त्याची हिंमत नव्हती. त्यानं दुसरी युक्ती केली. आळीची बैठक बोलावली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, या तळ्यात डास होतात. घरोघरी ताप येईल. आपापल्या लेकरांचा विचार करा.

लोक एकमेकांकडे बघू लागले. तोवर कोणाच्या मनात डास नव्हता. आता प्रत्येकाला कानाशी गुणगुण ऐकू येऊ लागली. गोदाक्का तेवढ्या उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं, तळ्यात बेडकांची पिल्लं आहेत, चतुरांची पिल्लं आहेत, डासांच्या अळ्या तीच खातात, आजवर कोणाला ताप आला का? वामनशेठ म्हणाला, तुमच्या घरात लहान मूल नाही, तुम्हाला काय कळणार. गोदाक्कांना मूलबाळ नव्हतं. त्या खाली बसल्या.

तळं उपसलं. चिखलात बेडकांची पिल्लं वळवळली आणि उन्हानं दुपारपर्यंत निपचित झाली. वामनशेठ काठावर उभा राहून चिखल चाळून घेत होता, आणि गाळ काढायचा असाच असतो असं सांगत होता. दगड मिळाला नाही.

मग त्याला वाटलं, दगड अजून जाळीतच कुठंतरी रुतला असेल. पाण्यात पडायच्या आत हाती लागला तर वाचलो. त्यानं पुन्हा बैठक घेतली. म्हणाला, करवंदीत नाग आहे, मी स्वतः फुसफुस ऐकली. ही मात्र थाप नव्हती. घुबड पडल्यानंतर दोन-तीन संध्याकाळी त्यानं खिडकीतून खरोखर फुसफुस ऐकली होती. नाग म्हटल्यावर कोण थांबतं? माणसं काठ्या-कोयते घेऊन आली. करवंद गेलं, रुई गेली, ओळीनं लावलेला कढीलिंब गेला. बुलबुलांची घरटी खाली आली. नाग काही निघाला नाही. दगडही निघाला नाही.

कोणीतरी म्हणालं, फुसफुस मीही ऐकली होती, पण ती वरून यायची, ढोलीतून. शिडी लावली. एक माणूस वर चढला आणि त्यानं ढोलीत हात घातला. खाली आला तेव्हा त्याच्या पंच्यात घुबडाची दोन मेलेली पिल्लं होती. पांढऱ्या पिसांचे दोन वाळके गोळे. घुबडाची पिल्लं भूक लागली की नागासारखी फुसफुसतात. ती आईबापांना हाका मारत होती. आईबापांतल्या एकाला दगड लागला, दुसरं भिऊन निघून गेलं असेल, आणि हाकेला कोणी आलं नाही.

"कोणाचं काम हे?" गोदाक्कांनी विचारलं. त्यांनी कोणाकडे रोखून पाहिलं नव्हतं. तरी वामनशेठला वाटलं, आळीतला प्रत्येक डोळा आपल्यावर आहे. त्या घडीला तो बोलला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण भीतीनं त्याची जीभ टाळ्याला चिकटवली, आणि सुटली ती खोटं बोलायलाच. म्हणाला, मांजराचं काम असेल.

पिल्लं उंबराखाली पुरली. त्या दिवसापासून कोणी पाळीला आलं नाही. पाणी घालायचं ते कशाला? मोकळ्या जागेत पुन्हा कोणीतरी पहिली कचऱ्याची पिशवी फेकली.

वैजू बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. शालनबाईंनी आळीत पेढे वाटले. वामनशेठनं नातीला मांडीवर घेतलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं आनंदाचं. तो मनात म्हणत होता, हिचं बारसं मी बघेन ना?

एव्हाना उन्हाळा लागला होता. कचऱ्याबरोबर उंदीर आले होते. आधी बागेत, मग गटारातून घरांत. पूर्वी घुबडांची जोडी किती उंदीर नेत होती, ते आता कळलं. बेडूक नाहीत, चतुर नाहीत, म्हणून साठल्या कचऱ्यावर डासही झाले, आणि आळीत खरोखर ताप आला. वामनशेठनं ज्या डासांचं, ज्या तापाचं भय घातलं होतं, ते पत्ता विचारत घरी आले.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी वैजूनं बाळाला पाळण्यात झोपवलं आणि ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. वामनशेठ शेजारी बसला होता. पाळण्याची दोरी हलल्यासारखी वाटली. त्यानं वर पाहिलं. दोरीवरून घूस म्हणावी एवढा मोठा उंदीर खाली उतरत होता. तो दुपट्यावर आला आणि बाळाच्या उघड्या पावलाशी नाक नेऊन थांबला.

हाताशी काठी नव्हती. तो गॅलरीकडे धावला, कठड्यावरचं परळच उचलू म्हणून हात घातला, तर आत दगड लागला. तो उचलून मारायला वळला. हात वर गेला, तिथंच अडला. उंदीर आणि बाळ यांच्यात वीतभरसुद्धा अंतर नव्हतं. डोळे मिटून फेकलेला दगड कुठं लागतो, हे त्याला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं डोळे उघडे ठेवले, पुढे गेला आणि उघड्या डाव्या हातानं उंदराला उडवून लावलं. उंदीर कडकडून चावला आणि मोरीतून पळाला. बाळ झोपेतच हसलं.

शालनबाई आणि वैजू धावत आल्या. वामनशेठ हातातल्या दगडाकडे बघत होता. ओला, काळा, गुळगुळीत. मधोमध जानव्यासारखा पांढरा पट्टा.

"हा दगड कुठून आला?" त्यानं विचारलं.

"मी आले त्याच आठवड्यात उंबराखाली सापडला," वैजू म्हणाली. "परळात दगड नव्हता आपल्या. मधमाश्या बुडत होत्या. तुमचाच नियम ना, बाबा?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या दगडासाठी तळं उपसलं, रान तोडलं, तो त्याच्याच कठड्यावर, त्याच्याच नियमानं बसला होता. वामनशेठनं तो दिव्याखाली धरला आणि उलटसुलट करून पाहिला. इतके महिने पाण्यात होता. कणभर झिजला नव्हता. पट्टासुद्धा कुठं पुसट झाला नव्हता. दगड धरणारी बोटं मात्र काटकुळी झाली होती, आणि खिडकीबाहेर कचऱ्याचा ढीग अन् एकटा उंबर तेवढा दिसत होता.

तो तसाच खाली उतरला. चावलेल्या हातातून रक्त येत होतं. शालनबाई डॉक्टर, डॉक्टर म्हणत मागून आल्या. तो म्हणाला, जाऊ, आधी एवढं करू दे, नाहीतर पुन्हा जमायचं नाही. आळीतले लोक ओट्यांवर बसले होते. त्यानं दगड सगळ्यांना दिसेल असा धरला.

"घुबडाला मी मारलं," वामनशेठ म्हणाला. "तळ्यात डास नव्हते. मी भ्यालो होतो. तुम्हाला सांगायलाही भ्यालो, म्हणून तुम्हाला भिववलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. दत्तोबाचं बोलणं, सैल झालेली अंगठी, मांजरावर घातलेला आळ, सगळं. कोणी ओरडलं नाही. एक म्हातारा तेवढा हळूच म्हणाला, तळ्याच्या बैठकीत हात मीही वर केला होता. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. गोदाक्कांना पिल्लं आठवत होती, आणि तुमच्या घरात मूल नाही हे शब्दही आठवत असणार.

शेवटी त्या म्हणाल्या, "शेठ, आधी हात धुऊन टोचून घ्या. बरा झाला की पाळी तुमची. गडी पाठवायचा नाही."

सुया टोचून झाल्या, जखम भरली, आणि वामनशेठ बागेत आला. आधी कचरा उचलला. मग तळं भरलं. पहिल्या दिवशी एकटाच होता, लोक लांबून बघत होते. मग गोदाक्का आल्या, मग तो म्हातारा, मग हळूहळू आळी आली. दोन पावसाळ्यांनी करवंदीची जाळी पुन्हा दाट झाली. बेडूक कुठून आले देव जाणे, पण आले. बुलबुल आले, रुईवर फुलपाखरं आली.

घुबड आलं नाही.

उंबराची ढोली अजून रिकामी आहे. वामनशेठची तब्येत आता सुधारली आहे, अंगठीही बोटात बसते. दिवेलागणीला तो नातीला मांडीवर घेऊन खिडकीत बसतो. खिडकी एका हातानं धरून ठेवतो, कारण दगड परळात असतो. नात विचारते, आजोबा, तुम्ही कोणाची वाट बघता? तो त्या चिरक्या आवाजासाठी कान देऊन बसलेला असतो. पूर्वी तो आवाज आला की त्याच्या पोटात गोळा यायचा. आता अंधार पडत जातो, आवाज येत नाही, आणि गोळा येतो तो त्या न येण्यानं.

तात्पर्य: भीती वाटणं हा गुन्हा नाही, ती लपवणं घातक आहे. लपवलेली भीती आधी निष्पापाला मारते, मग शेजाऱ्यांना भिववते आणि शेवटी आपल्यालाच झिजवते. म्हणून भ्यालात तर दगड उचलायच्या आधी तोंड उघडा. फेकलेला दगड एखादे वेळी परत मिळतो, उडालेलं पाखरू परत येईलच असं नाही.